तीनशे पंधरा

तळहातावर घेतले की आधी त्याचे वजन कळते. पितळ, शिसे, दारू मिळून अडीच तोळ्यांच्या आसपास. जळगावच्या सराफ बाजाराची सवय असलेल्या आमच्या भागाला तोळ्यांत सांगितलेले लवकर उमजते. बुडाला रुंद काठ, काठाच्या मधोमध बसवलेली टोपी, वर पन्नास मिलिमीटर लांबीची, खांद्यापाशी आत वळलेली पितळी नळी आणि तिच्या तोंडात घट्ट धरलेली बोथट गोळी. गोळीला धातूचे कवच आहे, पण शेंड्यावर ते मुद्दाम उघडे ठेवले आहे. तिथे आतले शिसे दिसते. बुडावर ‘केएफ’ अशी दोन रोमन अक्षरे ठोकलेली. किरकी फॅक्टरी, म्हणजे आपल्या पुण्याची खडकी. परवान्यावर आणि पंचनाम्यात याला .३१५ बोअरचे काडतूस म्हणतात. सावदा, फैजपूर, रावेर, यावल या पट्ट्यातले जुने परवानाधारक त्याला नुसते ‘तीनशे पंधरा’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला पुढचे काही सांगावे लागत नाही.

वयाने ते आज सावद्यात हयात असलेल्या कोणाहीपेक्षा मोठे आहे. त्याचा जन्म इथला नाही, हिंदुस्थानातलाही नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने १८८८ मध्ये मानलिखर रायफलीसाठी आठ मिलिमीटरचे काडतूस स्वीकारले. तेव्हा त्यात काळी दारू होती. दोन वर्षांपूर्वीच फ्रेंचांनी बिनधुराची दारू भरलेले काडतूस सैन्यात आणले होते, त्यामुळे बाकीच्या युरोपची झोप उडाली होती. पुढच्या काही वर्षांत मानलिखरच्या काडतुसातही बिनधुराची दारू आली आणि आज आपण पाहतो ते रूप ठरले. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर, आठला त्याने भागले की .३१५ येते. नाव असे साध्या भागाकारातून आले.

पण ऑस्ट्रियाच्या शिपायाचे काडतूस सातपुड्याच्या पायथ्याशी कसे पोचले? त्याला कारण इंग्रजांच्या मनातली भीती. १८५७ नंतर या देशातल्या माणसाच्या हाती कोणते हत्यार असावे याचा विचार सरकारने फार बारकाईने केला. १८७८ च्या हत्यार कायद्याने सामान्य हिंदी माणसाची बंदूक परवान्यात बांधली. पुढे सैन्याच्या मापाचे काडतूस नागरिकांच्या बंदुकीत बसता कामा नये, हे धोरण झाले. ब्रिटिश सैन्याचे .३०३ हेही नेमके १८८८ चेच, आणि तेच नागरिकांना बंद झाले. १९०७ च्या सुमारास .४५० मापाच्या मोठ्या शिकारी रायफलींवरही हिंदुस्थानात बंदी आली, आणि लंडनच्या बंदूकवाल्यांना .४६५, .४७० अशी नवी मापे काढावी लागली. रायफल तर विकायची होती. मग बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने सैन्याच्याच ली पद्धतीच्या बोल्टवर, पण या परक्या आठ मिलिमीटरच्या काडतुसासाठी, शिकारी रायफली बनवून इकडे पाठवल्या. लष्कराच्या कोठारातली गोळी त्यात चालणार नाही आणि त्यातली गोळी लष्कराच्या रायफलीत चालणार नाही, एवढ्या एका अटीवर तीनशे पंधराला हिंदुस्थानात राहायची मुभा मिळाली. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने तशीच रायफल बनवायला घेतली, काडतुसे खडकीहून येऊ लागली, आणि हे परके काडतूस पुरते इथले झाले. ज्या देशात ते जन्मले तिथे त्याला आता फारसे कोणी ओळखत नाही. आपल्याकडे ते शेतकऱ्याच्या कपाटात आहे.

आता त्याचा स्वभाव. तीनशे पंधराची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे पावणेसोळा ग्रॅमच्या आसपास. सव्वा तोळ्याहून थोडी जास्तच. नळीतून ती सेकंदाला सुमारे सहाशे मीटर वेगाने निघते. आजच्या हिशेबात हा वेग मंद. शंभर मीटरवर नेम बरोबर बसेल अशी माशी जुळवली, तर दोनशे मीटरवर गोळी फूटभर तरी खाली जाते. बोथट तोंडामुळे हवा तिला लवकर अडवते. कागदावर तिची बाजू घेणे अवघड आहे. मात्र जवळच्या अंतरावर, पन्नास-साठ पावलांवर, ती फार भरवशाची. जड गोळी गवताच्या काडीने सहसा भरकटत नाही. अंगात शिरताच उघडे शिसे पसरते आणि जनावर लवकर पडते, फार लांब पळत नाही. शिकारीत खरे महत्त्व याच गोष्टीला होते. जनावर किती दूरवरून टिपले याला जुने जाणते शिकारी मान देत नसत. ते तडफडले किती, हे आधी विचारत.

सातपुड्याचे रान ज्याने पायाने पाहिले आहे त्याला हे काडतूस इथे का रुळले ते सांगावे लागणार नाही. पालच्या बाजूला चढले की साग, सलई, अंजन. खाली वाळलेले गवत, दगडांचे उतार, वळत जाणारे नाले. दोनशे मीटर मोकळी नजर जाईल अशी जागा शोधावी लागते. सांबर दिसते ते झाडाच्या फटीतून, खांदा तेवढा. रानडुक्कर करवंदीच्या जाळीतून निघते तेव्हा पुढ्यातच असते. अशा रानात हजार मीटरवरची अचूकता कपाटातल्या अलंकारापुरतीच. इथे लागते ती एक जड गोळी, न अडणारा बोल्ट आणि थांबायची तयारी असलेला माणूस.

काठाचेही सांगितले पाहिजे. नव्या काडतुसांना असा बाहेर आलेला काठ नसतो. काठ मॅगझीनमध्ये एकमेकांत अडकतात, म्हणून काडतुसे भरताना वरच्याचा काठ खालच्याच्या पुढे ठेवावा लागतो. घाईत चुकले की बोल्ट पुढे जात नाही. नव्या पिढीला हा दोष वाटतो आणि तो आहेच. पण त्याच काठामुळे काडतूस नळीत नेमके आपल्या जागी टेकते आणि रिकामी केस हमखास बाहेर ओढली जाते. धूळ, घाम आणि उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांवर जाणारा पारा असलेल्या मुलखात हा गुण लहान नाही.

माझ्या परिचयाचे एक वृद्ध केळीबागायतदार आहेत. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा पीकसंरक्षणाचा परवाना होता, रायफल इशापूरची. आम्ही त्यांना आबा म्हणतो. काडतुसांना तेल लावलेले त्यांना खपत नसे. तेल टोपीत झिरपते आणि ऐन वेळी बार निघत नाही, म्हणून कोरड्या मांजरपाटात गुंडाळून ती ठेवायची. बार झाला की त्याच दिवशी नळीत कढत पाणी ओतायचे, मग फडके फिरवायचे, मग तेल. जुन्या टोप्यांच्या दारूतले क्षार नळीला गंज आणतात आणि ते तेलाने जात नाहीत, पाण्यानेच विरघळतात, हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवले नव्हते. जुने, ओल लागलेले काडतूस चाप ओढल्यावर कधी क्षणभर उशिरा उडते. म्हणून ‘फुस्स झालं’ असे वाटले तरी नळी समोर रोखूनच धरायची, बोल्टला हात लावायची घाई करायची नाही, हेही तेच बजावत. आणि घरातल्या पोरांना रायफल हाताळू द्यायच्या आधी एकच वाक्य: “जवळ जाता येत नसन, तं बार काढू नको रे भाऊ.”

माझ्या मते तीनशे पंधराचे सगळे मोठेपण या वाक्यात आहे. हे काडतूस माणसाला दुरून मारू देत नाही. वारा पाहा, पाऊल जपा, तास-दोन तास बसा, जनावराचा खांदा स्पष्ट दिसेपर्यंत थांबा आणि तो दिसलाच नाही तर घरी परत जा, अशी त्याची अट आहे. अट काडतुसाच्या अंगातच असल्यामुळे ती मोडताही येत नाही. अडीचशे मीटरवर नेम धरणाऱ्याची गोळी जनावराच्या पायापाशी मातीत जाते, नाहीतर पोटात लागून ते जनावर रात्रभर नाल्यात कण्हत पडते. दोन्हीचा हिशेब बार काढणाऱ्याकडे. घायाळ जनावर सोडून घरी येणाऱ्याला जुन्या शिकारी मंडळींत पुन्हा कोणी बरोबर नेत नसे.

याचा अर्थ जुन्या शिकारीचा सारा काळ सोन्याचा होता असे मी म्हणत नाही. खानदेशाने शिकारीचा अतिरेक फार जवळून पाहिला आहे. १८१९ मध्ये वाघामागे आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना अजिंठ्याची लेणी दिसली, ती आपल्या याच डोंगराळ सीमेवर. १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीसाठीही तितकाच प्रसिद्ध होता. ते दिवस ठासणीच्या बंदुकांचे. पुढे काडतुसाची रायफल आली आणि मारणे सोपे झाले. हाका करणारे हात मात्र नेहमी तडवी, पावरा, भिल्ल यांचेच. घायाळ अस्वलाच्या समोर अनवाणी पायांनी हाकारे जात. मचाणावरच्या साहेबाचा किंवा इनामदाराचा फोटो निघे, हाकाऱ्याच्या फाटलेल्या मांडीचा निघत नसे. माग काढण्याची, वाऱ्याची, पाणवठ्याची सारी विद्या त्यांची. परवाना दुसऱ्याच्या नावावर. तीनशे पंधराने हेही पाहिले आहे, त्यात भाग घेतला आहे. त्याचे चित्र काढताना ही बाजू झाकली तर ते चित्र खोटे होईल.

शिकार थांबली ते योग्यच झाले. १९६९ मध्ये यावलचे अभयारण्य झाले, १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या प्रथेवर पडदा टाकला. त्या कायद्यानंतर सावद्यातल्या रायफलींना रानात जायचे कारण उरले नाही. त्या कपाटात गेल्या, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होऊ लागल्या. ग्रामपंचायत असो वा लोकसभा, परवानाधारकाने हत्यार घेऊन जायचे, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायचे. अनेक घरांत तीनशे पंधराचा अलीकडचा प्रवास एवढाच आहे: कपाट ते ठाणे, ठाणे ते कपाट.

दरम्यान जग पुढे गेले. तापी ओलांडून भुसावळच्या बाजूला गेले की वरणगावची आयुधनिर्माणी लागते, १९६० च्या दशकात उभी राहिलेली. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत तिच्या पाळीचे वेळापत्रक भिंतीवर असते. तिथे घडते ते सैन्याचे आधुनिक काडतूस, ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरचे. ५.५६ ची गोळी चार ग्रॅमची, तोळ्याच्या एक तृतीयांश, पण वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या घरात. तीनशे पंधराच्या गोळीपेक्षा वजनाने चौपट हलकी आणि वेगाने दीडपट. शिपायाला एकाच ओझ्यात कितीतरी जास्त काडतुसे नेता येतात, धक्का कमी बसतो, नेम सपाट जातो. सैन्याची गरज ती आणि वरणगावचे कामगार ती चोख भागवतात; त्याबद्दल मला अभिमान आहे. इन्सास रायफल अशाच काडतुसावर चालली. तरीही २०१९ मध्ये सैन्याने आघाडीवरच्या तुकड्यांसाठी बहात्तर हजारांवर नव्या रायफली मागवल्या, त्या पुन्हा ७.६२ बाय ५१ च्या, म्हणजे जड गोळीच्या. वेग सर्व काही करतो ही समजूत सैन्यालाही काही ठिकाणी मागे घ्यावी लागली.

शिकारीच्या जगातही हाच वाद चालतो. परदेशात सध्या ६.५ क्रीडमूर या काडतुसाचे फार कौतुक आहे. अमेरिकेत २००७ मध्ये ते निघाले, मूळ हेतू लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा. लांबट, टोकदार गोळी, काठ नसलेली आखूड केस. शंभर मीटरवर जुळवले तर दोनशेवर चार-एक इंचच खाली. दुर्बीण बसवली की नवखा माणूसही दूरचे लक्ष्य टिपतो. कारागिरी म्हणून ते खरोखर उत्तम आहे. अचूक गोळी नीट जागी लागली तर जनावराचे हाल कमी होतात, हा त्याच्या बाजूचा मुद्दाही खरा आहे. माझी हरकत अंतराला आहे. पाचशे मीटरवरून चाप ओढणाऱ्याला जनावराचा श्वास ऐकू येत नाही. गोळी पोचेपर्यंत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो आणि तेवढ्यात जनावर एक पाऊल पुढे टाकते. छातीवर धरलेला नेम पोटात जातो. मग त्या पाचशे मीटरच्या दरीपलीकडे रक्ताचा माग काढायला जायचे कोणी? काडतुसाची ताकद वाढते तशी मारणाऱ्याची पायपीट कमी होते, आणि पायपिटीबरोबर त्याची जबाबदारीही पातळ होत जाते.

जुन्या, माफक काडतुसांवर मोठमोठ्या जाणकारांनी आयुष्य काढले, हेही आठवावे. जिम कॉर्बेटची आवडती हलकी रायफल .२७५ रिग्बीची होती. तिचे काडतूस म्हणजे १८९२ चे सात मिलिमीटर मौझर, आपल्या तीनशे पंधराच्या पिढीतलेच. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने झाडावर बसून, रात्री, जवळून मारला. काडतूस साधे होते; त्याच्या आधी जागलेल्या रात्रींची संख्या साधी नव्हती. कॉर्बेटला हजार मीटरच्या काडतुसाची उणीव भासल्याचे त्याच्या लिखाणात कुठे जाणवत नाही.

आपल्याकडे तीनशे पंधरा टिकले त्याला भावनेपेक्षा व्यवहार जास्त कारण आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. ज्यांच्या आजोबांनी थर्टी-ऑट-सिक्स किंवा .३७५ घेऊन ठेवली त्यांच्याकडे ती आहे, पण काडतूस मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. तीनशे पंधराचे काडतूस देशात बनते, परवानाधारक दुकानात मिळते. लहान शेतकऱ्याला परवडणारी बारा बोअर त्याच्या जोडीला आहेच. बारा बोअरचे छर्रे चाळीस पावलांपलीकडे विखुरतात. त्यापुढचे, शंभर-सव्वाशे पावलांपर्यंतचे अंतर तीनशे पंधराचे.

त्याच्या नावाला लागलेला एक डाग फार वाईट आहे. उत्तरेत गावठी कट्टे बनवणाऱ्यांनी याच काडतुसाला धरले. सहज मिळणारे, ओळखीचे काडतूस म्हणून. वर्तमानपत्रात ‘३१५ बोअरचा कट्टा जप्त’ ही ओळ वाचली की मला मनापासून चीड येते. ज्या काडतुसासाठी कढत पाण्याची, मांजरपाटाची आणि संयमाची शिस्त होती ते कुणाच्या तरी कमरेला खोचलेल्या लोखंडी नळकांड्यात बसवले जाते आणि गल्लीतल्या भांडणात माणसाच्या अंगावर उडते. ते नळकांडे कधी चालवणाऱ्याच्याच हातात फुटते. काडतुसाचा यात दोष नाही, पण बदनामी त्याच्याच आकड्याची होते आणि त्याचा त्रास दरवेळी नूतनीकरणाच्या रांगेत उभ्या असलेल्या कायदेशीर परवानाधारकाला होतो.

त्याचा समवयस्क .३०३ आता निवृत्त झाला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपले पोलीस ज्या जुन्या रायफली घेऊन उभे होते त्यांत थ्री नॉट थ्री होत्या, हे कोणी मराठी माणूस विसरणार नाही. २६ जानेवारी २०२० ला उत्तर प्रदेश पोलिसांनी तर संचलनात मानाने तिला निरोप दिला. समोर स्वयंचलित रायफल असेल तिथे बोल्टची रायफल हाती देणे हा त्या पोलिसावर अन्याय होता, यात वाद नाही. तीनशे पंधराची गोष्ट वेगळी. त्याच्यासमोर कधी शत्रू नव्हता. त्याच्यासमोर होते रानडुक्कर, आणि ते आजही आहे.

उत्तर महाराष्ट्राचा हा केळीचा पट्टा दुरून फार शांत दिसतो. मृगबाग, कांदेबाग, मधे मका, कडेला हरभरा. ठिबकच्या नळ्या, घड वाहणारे ट्रॅक्टर, सावदा आणि रावेर स्थानकांतून दिल्लीकडे गेलेली केळी. रात्री डुकरांचा कळप आला की नवतीच्या बागेत कंद उकरून ठेवतो, आडवी झालेली झाडे सकाळी मोजावी लागतात. एका झाडामागे वर्षभराचे खत-पाणी गेलेले असते. फटाके, डबे, साड्यांचे कुंपण, विजेचे झटके सगळे करून झालेले असते. आणि झटक्याच्या तारेने माणसे दगावल्याच्या बातम्याही आपण वाचतो. पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर आणि रोही मारण्याची परवानगी वनखात्याकडून घेण्याची पद्धत राज्य सरकारने २०१५ मध्ये घालून दिली. म्हणजे तीनशे पंधराला अजूनही कायदेशीर काम आहे. ते कमी आहे, अटींचे आहे, पण आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी नव्या, वेगवान, लांब पल्ल्याच्या काडतुसांची मला भीती वाटते. केळीची बाग म्हणजे मोकळे रान नव्हे. एका बागेला लागून दुसरी, मधे पायवाट, कोपऱ्यात सालदाराची झोपडी, रात्रीच्या पाळीने पाणी धरणारा मजूर. चुकलेली रायफलीची गोळी कोणतीही असो, किलोमीटर-दोन किलोमीटर सहज जाते. शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात, डोलारखेड्याच्या बाजूला, वाघ केळीच्या बागांत राहतो, पिले वाढवतो. केळीच्या पानांआड रात्री चमकलेले डोळे डुकराचे, वासराचे की वाघिणीच्या बछड्याचे, हे दुर्बिणीतून अडीचशे मीटरवर कोण छातीठोक सांगेल? पन्नास पावलांवर सांगता येते. डुकराचा हुंकार ऐकू येतो, उकरलेल्या मातीचा वास येतो, खांदा दिसतो. तीनशे पंधरा वापरणाऱ्याला त्या पन्नास पावलांवर यावेच लागते.

म्हणून माझा कौल या जुन्या काडतुसालाच. परवानगीचा कागद हाती असलेल्या शेतकऱ्याने बांधावर आठ-दहा फुटांचे मचाण बांधावे, नेम खाली धरावा म्हणजे सुटलेली गोळी मातीतच जाईल, मागे वस्ती नाही याची दिवसाउजेडी खात्री करून घ्यावी आणि पन्नास पावलांपलीकडे बार काढू नये. खडकी आणि वरणगाव या दोन्ही निर्माणी २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या पुण्याच्याच कंपनीत आहेत. त्या कंपनीने तीनशे पंधराचे उघड्या शेंड्याचे काडतूस चांगल्या दर्जाचे, नियमित आणि शेतकऱ्याच्या आवाक्यातल्या किमतीत बनवत राहावे. वनखात्याने परवानगीबरोबर एक दिवसाचे प्रशिक्षण जोडावे, आणि ते देण्यासाठी ज्यांच्या बापजाद्यांनी हाके केले त्या तडवी-पावरा मंडळींपैकी जाणते लोक मानधन देऊन बोलवावेत. ज्यांच्या कपाटात वाडवडिलांची काळवंडलेली, हिरवट गंज चढलेली काडतुसे पडून आहेत त्यांनी ती चालवून पाहू नयेत, पोरांच्या हाती देऊ नयेत, नदीत टाकू नयेत. परवान्यासह परवानाधारक दुकानात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन रीतसर जमा करावीत.